इष्टलिंग गुरम्माकडे होतं

गुरम्मा बावीस वर्षं एकाच दवाखान्यात आया म्हणून राबली. नवी पेठेमागच्या गल्लीत तिची एक खोली. पहाटे उठून लिंगायत रिवाजाप्रमाणे गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा, मग चहा, मग ड्यूटी. बाळंतिणींचं, म्हाताऱ्यांचं सगळं काढलं, पण कुणापुढे आवाज चढवला नाही. त्या शुक्रवारी मात्र डॉक्टरांच्या केबिनबाहेर नंबर लावून बसलेल्यांनीही तो ऐकला.

केबिनमध्ये डॉक्टरांसमोरच दवाखान्याच्या वकिलांनी शपथपत्र पुढे सरकवलं. "वाचायची गरज नाही मावशी. इथं खाली सही."

"सातवी झालीय माझी," म्हणत गुरम्माने चष्मा लावला. लिहिलं होतं, ऑपरेशनच्या सकाळी मनाई असताना पेशंट निंगव्वा हिने चहा-बिस्कीट घेतलं, ते मी पाहिलं.

गुरम्माचे कान तापले.

दुधनीची निंगव्वा पित्ताशयातल्या खड्यांसाठी आली होती, ती भुलीतून उठलीच नाही. तिच्या मुलाने, शिवकुमारने, ग्राहक आयोगात केस घातली. वकिलांचा बचाव सरळ होता. पोटात अन्न होतं, उलटी फुप्फुसात गेली, चूक पेशंटची.

"साहेब, हे बघितलं कुणी?"

"तुम्हीच की," वकील हसले. "खेड्यातली माणसं, चोरून खातातच."

"चोरून? सकाळी सहाला गळ्यातलं लिंग काढून माझ्या हातात दिलं तिनं. मी म्हणलं, अगं, आदी पूजा तरी कर. तर म्हणली, पूजा केली की तीर्थ घ्यावं लागतंय, डॉक्टर पाणीसुदा नको म्हणलेत. उठल्यावर करते. पूजेबिगर पाण्याचा घोट न घेणारी बाई ती! तुमच्या सांगण्यापायी पूजा ठेवली तिनं, आन् तुमी तिलाच खादाड ठरवताय व्हय?"

"गुरम्मा, हळू," डॉक्टर म्हणाले. "पुढंही इथंच काम करायचंय ना?"

"भूल देणारे डॉक्टर फोनवर बोलत अर्ध्यातनं बाहेर गेलते. मी थेटरच्या दारातच हुते. ते का न्हाय लिव्हलं?"

वकिलांनी पेनाला टोपण लावलं.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारपर्यंत गुरम्माने ते लिंग कुठं खाली ठेवलं नव्हतं. शेवटी तिनेच ते निंगव्वाच्या गार पडलेल्या तळहातावर ठेवलं होतं. तो गारवा तिला आता आठवला आणि संताप आणखीच उसळला. गळ्यातलं ओळखपत्र तिने टेबलावर आपटलं आणि बाहेर पडली.

सोमवारी शिवकुमारच्या वकिलांकडे ती खुर्चीच्या कडेला बसली. "मावशी, सुरुवात कुठून करू?" तिचं शपथपत्र लिहायला घेत त्यांनी विचारलं.

"लिव्हा," गुरम्मा म्हणाली, "सकाळी सहापासनं इष्टलिंग माझ्याकडं हुतं."