टाकीपासून तेरपर्यंत

रविवारी सकाळी मास्तरांचा उजवा हात छातीवर असला की त्यांच्याशी बोलायचं नाही, हे धाराशिव–तेर गाडीच्या कंडक्टरलाही ठाऊक होतं. तो काही न विचारता तेरचं तिकीट काढून त्यांच्या डाव्या हातात देई. मास्तरांच्या शर्टाच्या आत, गळ्यातल्या कापडी पिशवीत, एक छोटी गोल डबी असे आणि डबीत मिस्सेतला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेतला, ख्रिस्तप्रसाद: पवित्र भाकरीची चकती. तेरला सोनाबाई नावाची म्हातारी होती. कमरेतून गेलेली, त्यामुळे तिला चर्चला येणं जमत नसे. फादरांच्या परवानगीनं मास्तर तिच्यासाठी प्रसाद नेत. परतीच्या गाडीत डबी रिकामी असे, आणि मग मास्तर इतकं बोलत की कंडक्टर ड्रायव्हरपाशी जाऊन बसे.

मास्तर कुठल्याच शाळेत नोकरीला नव्हते. चर्चमागच्या कडुनिंबाखाली आम्हा पोरांना धर्मशिक्षण देत, तेवढ्यावर त्यांना ही पदवी मिळाली होती. दहा आज्ञा पाठ नसलेल्या पोराला ते शिक्षा करत नसत. त्याला शेजारी बसवून स्वतः चुकीच्या क्रमानं म्हणत. पोरगं त्यांची चूक काढायला जाई आणि त्या नादात सगळ्या पाठ करून बसे. माझ्याही अशाच झाल्या. ते मुद्दाम चुकत होते, हे मला मिसरूड फुटल्यावर कळलं.

प्रवास फक्त साध्या गाडीनं. कुणी जीपमध्ये जागा देऊ केली तर म्हणत, "देव काय पळून चाललाय व्हय?" खरं कारण निराळं होतं. साधी गाडी प्रत्येक फाट्यावर थांबे, आणि थांबा आला की तिथं चढणाऱ्या-उतरणाऱ्यांसाठी ते मनात एकदा 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणत. खिशात जपमाळ असे, थांब्याला एक मणी पुढं सरके. खंडोबाला निघालेलं जोडपं असो की बुद्धविहारातून परतणाऱ्या बाया, मास्तरांना फरक पडत नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मणी काय जात इचारतो व्हय?"

मोबाइलशी त्यांचं वैर नव्हतं. त्यांच्याकडेही एक बटणांचा होता. पण संध्याकाळी कुणाच्या घरी प्रार्थनेला आले की आधी घरच्या बाईकडं भाकरीची रिकामी दुरडी मागत. पहिला स्वतःचा मोबाइल त्यात ठेवत, मग ती सगळ्यांसमोर फिरवत आणि वर फडकं झाकत. आत एखादा वाजायला लागला आणि कुणी चुळबुळ केली, की डोळे न उघडता म्हणत, "गरम हाय. निवू द्या जरा." माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. दिवसभर स्क्रीनकडं बघून डोळ्यांना पाणी यायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी दर थोड्या वेळानं डोळे मिटून बसायला सांगितलं. मास्तरांना ते सांगितलं, तर म्हणाले, "डोळं मिटायला डॉक्टर लागतोय व्हय तुला?"

मग मास्तर न्हाणीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. "फादरला म्या सांगितलंय. सोनाबाईकडं आता तू जायचं. म्या जायचो त्याच गाडीनं." मी मान डोलावली. वडीलधाऱ्यांपुढं मान डोलावणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनाबाई जुन्या वळणाची होती. प्रसाद मिळेपर्यंत पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसे. मी हिशेब केला, मास्तरांच्या गाडीच्या हौसेपायी म्हातारी अकरापर्यंत उपाशी राहते. त्या रविवारी मिस्सा संपताच मी गळ्यात डबी घातली आणि मोटारसायकलला किक मारली.

वाटेत दोनदा फोन आला. कुणाच्या तरी अर्जाची शेवटची तारीख होती. दोन्ही वेळा गाडी कडेला लावून बोललो आणि तरीही तासभर आधी पोचलो.

सोनाबाई खाटेवर बसली होती. केस मोकळे, अंघोळ व्हायची होती. मला बघून तिनं घाईनं डोक्यावर पदर ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. "गाडी कुठं वाजली आजून?" ती म्हणाली. "जरा भायेर थांब, बाबा." तिच्या सुनेनं मग मला ओट्यावर सांगितलं, की रविवारी सगळं गाडीवर बेतलेलं असतं. आधी अंघोळ, मग वेणी, मग पाटावर धुतलेलं फडकं, आणि वळणावर गाडीचा हॉर्न वाजला की मेणबत्ती. मी तासभर उन्हात उभा राहिलो. वळणावर हॉर्न वाजला, तेव्हा मला आत बोलावलं. म्हातारीनं खाल्लं ते नेहमीच्याच वेळेला.

प्रसाद घेऊन ती बराच वेळ डोळे मिटून बसली. मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, "आता सांग. वडाच्या फाट्यावर कोण चढलं?"

"मी मोटारसायकलवर आलो, आजी."

"म्हंजी वाटंत कुणीच न्हाय दिसलं?"

तिनं कित्येक वर्षांत उंबरा ओलांडला नव्हता. फाट्यावरच्या फुलवालीचा गुडघा, कॉलेजला जाणाऱ्या पोरीची परीक्षा, हे सगळं मास्तर दर रविवारी तिला आणून देत, आणि आठवडाभर ती त्या माणसांसाठी जपमाळ करी. तिला तेवढंच काम उरलं होतं आणि त्या आठवड्याला मी तेही ठेवलं नाही.

मास्तरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "मोबाइल कुठं व्हता?" एवढंच विचारलं.

"वरच्या खिशात."

"डबीशेजारी?"

"व्हय."

"मग गर्दी झाली आसंल," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

पुढच्या रविवारी मोबाइल घरी दुरडीत ठेवला. आईनं न सांगता वर फडकं टाकलं. मी स्टँडवरून साध्या गाडीत बसलो. पहिला थांबा पाण्याच्या टाकीचा, तिथंच रस्त्याला लागून मास्तरांचं घर. मुलानं त्यांना दारात खुर्चीवर आणून बसवलं होतं. गाडी थांबताच त्यांनी डावा हात वर केला. उजवा छातीवर होता. त्या दिवसापासून सोनाबाईचा पहिला प्रश्न ठरून गेला.

"टाकीपाशी मास्तर बसले व्हते का?"

"बसले होते. हात केला."

"कंचा?"

"डावा." मग तिचं समाधान होई आणि आम्ही वडाच्या फाट्याकडं सरकत असू.

दोन पावसाळे असे गेले. मास्तर ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी गेले. मातीला माणसं जमली, तेव्हा दारात कुणीतरी दुरडी ठेवली होती. येणारा प्रत्येक जण वाकून आपला मोबाइल तिच्यात ठेवून आत जात होता. मी त्या दुरडीकडं बघून रडलो, मास्तरांकडं बघून नाही.

सोनाबाईला कुणी कळवलं नव्हतं. ते काम माझ्यावर आलं. रविवारी गाडी टाकीपाशी थांबली, दोन बाया चढल्या, गाडी सुटली. दाराकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. तेरला हॉर्न वाजला, मेणबत्ती लागली, प्रसाद झाला. म्हातारीनं चहाचा कप खाली ठेवला.

"टाकीपाशी?"

"खुर्ची आत घेतली, आजी."

तिनं उशाशी चाचपून जपमाळ काढली, एक मणी चिमटीत धरला आणि एक नमो मरिया सावकाश, शेवटपर्यंत म्हटली. पदरानं डोळे पुसले. मणी पुढं सरकवला.

"आन् तिथं चढलं कोण?"