ट्यूबच्या घडीतली ओळ

मुलीच्या डोक्यावर चट्टा दिसला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. उजव्या कानाच्या वर, रुपयाच्या नाण्याएवढा, लालसर, कडेला कोंडा. मी वाशीमला एका दैनिकात उपसंपादक आहे. कामावर दुपारी जातो, म्हणून सकाळची वेणी माझ्याकडे असते. चट्टा मीच पाहिला. पुढचंही मीच केलं.

त्या आठवड्यात आसेगावची माझी मोठी बहीण आली होती. तिच्या पिशवीत खाजेची ट्यूब असते. आमच्या नात्यात ही ट्यूब घरोघरी फिरते. तिचं खोकं कधीच फेकलेलं असतं आणि औषध वाया जाऊ नये म्हणून ती शेपटाकडून गुंडाळत आणलेली असते.

"लाव ना रे," बहीण म्हणाली. "दोन दिवसांत साफ. आमच्या घरी साऱ्याइले हेच लावतो."

"एकदा डॉक्टरले दाखवतो."

"पेपरवाल्याले खाज बी डॉक्टरले इचारून येते का?"

मुलगी हसली, मीही हसलो. ट्यूब लावली. तिसऱ्या दिवशी लाली गेली. बहीण जाताना ट्यूब ठेवून गेली, मी तीन आठवडे लावत राहिलो.

मग एका सकाळी कंगव्यात केसांचा झुपका आला. चट्ट्याची जागा फुगली होती, बोटाखाली मऊ लागत होती, आतून पू येत होता.

त्वचेच्या डॉक्टरांनी चिमट्यात एक केस धरला. तो न ओढताच वर आला. मुलीला कळलंही नाही. "काही लावलं होतं?" त्यांनी विचारलं. मी खिशातून ट्यूब काढून दिली. त्यांनी टेबलाच्या कडेवर तिची गुंडाळी उलगडली. घडीच्या आत बारीक अक्षरांत घटक छापलेले होते. त्यात स्टिरॉइड होतं. काही महिन्यांपूर्वी अशा मलमांच्या बेकायदा विक्रीची बातमी मी संपादित केली होती. मथळा माझाच होता.

डॉक्टर सांगत होत्या आणि मी सवयीने लिहून घेत होतो. केसात बुरशी शिरली होती. लाली म्हणजे तिच्याशी लढायला आलेल्या पेशी. स्टिरॉइडने त्या पेशींना गप्प केलं. लाली गेली, बुरशी मुळाकडे उतरली. नंतर शरीराने उशिरा आणि एकदम हल्ला केला. त्यात पू झाला, आणि त्या हल्ल्यात केसाची मुळंही सापडली.

"केस परत येतील?" मी विचारलं.

"प्रत्येक केसाच्या मुळाला, जरा वर, एक फुगवटा असतो. नवा केस तयार करणाऱ्या मूळपेशी तिथे राहतात. फुगवटा वाचला असेल तर येईल. जळाला असेल तर तिथे व्रण भरतो, कातडीवरचं छिद्रही बुजतं. मग नाही. आत्ता सूज आहे, सांगता येत नाही."

बुरशीवरच्या गोळ्या सुरू झाल्या. मी रोज सकाळी मुलीला ओट्यावर उन्हाकडे पाठ करून बसवायचो आणि फोनवर चट्ट्याचा फोटो काढायचो. अंतर तेच, बाजू तीच. फोटो मोठा करून छिद्रं शोधायचो.

"निघाला का एखांदा?" ती विचारायची.

"अजून नाही."

"निघन ना, पप्पा?"

बायको एकदा दारातून म्हणाली, "अहो, रोज रोज काहून तिचं डोकं उन्हात धरता? पोरगी भेऊन राह्यली." मी फोटो काढणं थांबवलं नाही. दुसरं काही करता येत नव्हतं.

सूज उतरली. कडेने बारीक केस आले. मधला भाग गुळगुळीत राहिला, किंचित चकाकणारा. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी दिव्याच्या भिंगातून बराच वेळ पाहिलं. "कडेला छिद्रं आहेत," त्या म्हणाल्या. "मध्ये नाहीत." मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं.

घरी आल्यावर बहिणीला फोन केला. तिच्या नातीच्या मानेवर तसलीच दुसरी ट्यूब चालू होती. त्यात काय आहे ते मी सांगितलं, थांबव म्हणालो. ती म्हणाली, "मले तं कोणी सांगतलंच नाही रे." मलाही कोणी सांगितलं नव्हतं, असं मला म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी कंगवा घेऊन समोर बसली. ओट्यावर गेली नाही, केसांचं विचारलं नाही. म्हणाली, "पप्पा, भांग डाव्या बाजूनं पाडा. सारे केस इकडं घ्या."

मी भांग पाडला, केस उजवीकडे ओढले, कानावर पिन लावली.

"दिसते का?"

ती मान वळवत होती तसे केस सरकत होते आणि खालची कातडी दिसत होती.

"नाही," मी म्हणालो, आणि दुसरी पिन शोधू लागलो.