खटका खाली होता

तापीकाठी प्रकाशा या गावी मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. गावात रेडिओचं वेड आम्हा दोघांनाच होतं, मला आणि माझ्या शेतकरी मित्राला. सुरतेहून आगगाडीने सुटे भाग मागवून त्याने खळ्यावरच्या खोलीत स्वतः सेट जोडला होता. कानाला लावायची जोडी एकच. तिचा एक डबा त्याच्या कानाला, दुसरा माझ्या. डोक्याला डोकं लावून आम्ही तासन्‌तास बसायचो. बाकीच्यांना ऐकू यावं म्हणून ती जोडी पितळी हंड्यात ठेवायची. हंडा तासभर बोलत राहिला की त्याची आई म्हणायची, "कवळधरना बोली ऱ्हायना बिचारा. त्याले भाकर द्या कोन्ही."

हवेतला आवाज धरणारी तांब्याची तार चिंचेच्या शेंड्यावरून खोलीत आली होती. वीज पडली तर ती याच तारेवरून आत येणार. म्हणून खिडकीशी एक खटका होता. तो वर असला की तार सेटला जोडलेली, खाली केला की दुसऱ्या तारेने थेट विहिरीत. उठताना शेवटच्याने खटका खाली करायचा, हा त्याचा नियम. "इसरशी ते मरशी, मास्तर," तो मला बजावायचा. स्वतः तो दोनदा बघितल्याशिवाय खोली सोडत नसे.

मीही घरी गुपचूप सेट जोडत होतो. त्याच्या आधी एखादं लांबचं स्टेशन पकडून त्याला चकित करायचं होतं. मला जाड तार कमी पडली. एका दुपारी तो शहाद्याला बॅटरी भरून आणायला गेला असताना मी त्याच्या विहिरीकडची तार कापून नेली. भिंतीलगतचा तुकडा तसाच ठेवला, म्हणजे आतून काही कळू नये. वैशाख होता, आभाळ कोरडं. चार दिवसांत परत लावू, असं मनाशी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी सेट लावून बसलो होतो. कानात करकर सुरू झाली. आधी तव्यावर मीठ टाकल्यासारखी, मग दाट होत गेली. ही करकर म्हणजे कुठेतरी आभाळ भरतंय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला त्याच्या खळ्यावरची तार आठवली. उठायला हवं होतं. पण त्याच वेळी करकरीच्या मागून एक परका आवाज उमटला, कुणीतरी अनोळखी भाषेत बोलत होतं. मी काटा हलवत राहिलो. किती वेळ, ते आज सांगता येत नाही. मग बाहेर अंधारून आलं आणि मी माझा खटका खाली केला. माझ्या अंगणातल्या ओल्या खड्ड्यात पुरलेली तार त्याच्या विहिरीची होती.

पाऊस आला नाही. एकच कडकडाट झाला, चिंचेच्या दिशेने.

मी धावत गेलो. खोलीत सर्वांआधी मी पोचलो. तो खिडकीखाली पडला होता, उजवा हात काळा झालेला. खटका खाली होता. नियमाप्रमाणे त्याने तो केला होता, आणि वीज विहिरीत जायला वाट नव्हती.

बाहेर लोकांचे पाय वाजले. मी हात वर नेला आणि खटका वर केला. नंतरच्या गडबडीत विहिरीची तारही घरून आणून परत जोडून टाकली.

गावाने ठरवलं की तो विसरला. त्याची आई मात्र मानायला तयार नव्हती. वाटेत गाठून विचारायची, "मन्हा पोऱ्या इसरनारा नव्हता. तू पहिले गया व्हता ना मास्तर? खरं सांग, खटका खाले व्हता ना?"

"वर होता, माय," मी म्हणायचो.

ती गेली तोपर्यंत मी किती वेळा हे म्हणालो असेन! पुढे शहाद्याकडे ज्यांनी ज्यांनी सेट जोडले, त्यांना मीच शिकवलं. खटका दाखवताना प्रत्येकाला त्याचीच गोष्ट सांगितली: प्रकाशाचा एक जण विसरला होता, तुम्ही विसरू नका. त्यांतले काही अजून आहेत आणि नातवंडांना ती सांगत असतील. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तो विसरला नव्हता. तार मी कापली होती.