काळी पाचवरून खाली येताना

माझा आवाज गेला तेव्हा मी कोणाशीही भांडत नव्हतो, ही बाब सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. कारण आमच्या आळीत त्याविषयी भलतीच हकिगत प्रचलित आहे.

श्रीवर्धनला समुद्राकडे उतरणाऱ्या आमच्या आळीत चतुर्थीच्या संध्याकाळी सगळी मंडळी टाळ-झांजा घेऊन वरच्या टोकाच्या घरापासून खालच्या टोकाच्या घरापर्यंत आरत्या म्हणत जातात. प्रत्येक घरी पहिली आरती सुरू करण्याचा मान आमच्या घराचा. आजोबांनी तो सांभाळला, वडिलांनी सांभाळला आणि त्यांच्या पश्चात तो निर्विवादपणे माझ्याकडे आला. ‘निर्विवादपणे’ हा शब्द मी जपून वापरतो. अलिबागच्या न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला वाद कशाला म्हणतात हे पुरेसे ठाऊक असते.

तीन वर्षांपूर्वीच्या चतुर्थीला निम्मी आळी उरकल्यावर एका घरी मी आरती सुरू केली, वरच्या स्वरापर्यंत पोहोचलो, आणि तिथे आवाज थांबला. जे काही बाहेर पडले ते भर खाडीत इंजिन बंद पडलेल्या लाँचसारखे होते: दोन गचके, एक लांब उसासा आणि शांतता. मागून कोणीतरी हसले. कोण ते मला ठाऊक आहे. आमच्या उत्सव समितीचे अध्यक्ष, जे समोरच्या सुपारीच्या वाडीचे मालक आणि माझे शेजारी आहेत, त्यांनी लगेच खिशातून फोन काढला, पिशवीतून डबीएवढा स्पीकर काढला आणि कोणा अज्ञात गायकाची आरती लावली. स्पीकर पिशवीतच होता, म्हणजे तयारी आधीची होती, हे मी तेव्हाच लक्षात घेतले. उरलेल्या घरांत यंत्राने आरती म्हटली आणि माणसांनी टाळ वाजवले.

विसर्जनानंतर सभा झाली.

“नाना, राग मानू नका,” अध्यक्ष म्हणाले, “पण पुढच्या वर्षीपासून स्पीकरच लावू. पाचव्या दिवशी अख्ख्या आळीचा घसा बसलेला असतो. पोरं शाळेत ‘हजर’ म्हणू शकत नाहीत.”

“घसा खिरापतीतल्या खोबऱ्याने बसतो.”

“आणि तुमचा आत्ता कशानं बसलाय? सभेत खिरापत नव्हती.”

मी त्यांना पत्र लिहिले. मान कोणा व्यक्तीचा नसून घराचा आहे, आणि रूढीने घराला प्राप्त झालेला हक्क संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतल्याविना काढून घेता येत नाही. यंत्राला देवापुढे उभे राहण्याचा अधिकार नाही. शिवाय ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेतच, असे त्यात सविस्तर मांडले. उत्तर कुंपणावरून तोंडी आले.

“नाना, पत्र वाचलं. निम्मं कळलं. असं करू या: पुढच्या चतुर्थीला पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, आवाज न फाटता आरती म्हणून दाखवा. मान तुमचा, पुन्हा विषय काढणार नाही. फाटला की स्पीकर.”

“हे लेखी द्या.”

त्यांनी माझेच पत्र उलटे केले, मागे ‘बरं’ असे लिहिले आणि खाली सही केली. न्यायालयातील माझ्या सबंध सेवेत इतका त्रोटक करारनामा माझ्या नजरेखालून गेला नव्हता. परंतु करारनामा तो होता.

पत्नीने मला अलिबागला घशाच्या डॉक्टरांकडे नेले. माझ्या मुलीहूनही लहान असलेल्या त्या डॉक्टरांनी नाकातून एक बारीक नळी घशापर्यंत घातली आणि पडद्यावर माझेच स्वरयंत्र मला दाखवले. लालभडक होते.

“काका, तुम्ही काय करता?”

“निवृत्त आहे.”

“तसं नाही. आवाजाचं काय करता?”

“भांडतात,” पत्नी म्हणाली.

“मी लेखी तक्रार करतो,” मी दुरुस्ती केली.

“आधी तोंडी, मग लेखी.”

डॉक्टरांनी निकाल दिला: स्वरतंतू सुजले आहेत, दोन आठवडे संपूर्ण मौन. कुजबुजायचेही नाही, कारण कुजबुजण्याने तंतूंवर ताण येतो. दिवसभर पाणी पीत राहायचे, वाफ घ्यायची, रात्रीचे जेवण लवकर उरकायचे, म्हणजे आम्ल घशाशी येणार नाही. आणि खाकरणे पूर्ण बंद.

“खाकरल्याशिवाय मी बोलायला सुरुवात कशी करणार?”

“करूच नका,” डॉक्टर म्हणाल्या. पत्नीने त्यांचे दोनदा आभार मानले.

मौनाच्या काळात मी चिठ्ठ्यांवर कारभार चालवला. त्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: लेखी हरकतीला पोच मिळण्याची व्यवस्था आपल्याकडे घरपातळीवर अजिबात नाही. दारावर येणाऱ्या कोळणीला मी ‘काल दिलेल्या बांगड्यांच्या ताजेपणाबाबत’ अशा विषयाची चिठ्ठी दिली. तिने ती उलटसुलट पाहिली आणि तिच्यावर दोन बोंबील ठेवून मला परत केली.

“नानांना काय झालाय?” तिने पत्नीला विचारले.

“बोलायचं न्हाय त्यांना. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“व्हय? मंग आज दोन जास्ती घे गो,” ती आनंदाने म्हणाली.

पुढच्या चतुर्थीला वर्ष होते, तरी मौनाचे दिवस वाया घालवणे मला मंजूर नव्हते, म्हणून त्याच काळात बोर्ली पंचतनला गाणे शिकवणाऱ्या एका बाईंकडे जायचे ठरवले. शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्या किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत मुलांना पेटी आणि गाणे शिकवत. मला बोलता येत नसल्यामुळे माझी बाजू मांडण्यासाठी पत्नी सोबत आली. तिने ती मांडली. मी मांडली असती त्याहून फारच थोडक्यात.

“यांना घरोघरी आरती म्हणायचीय. आवाज फाटतो. बोलायला बंदी आहे. रागावतात.”

“मग आत्ता काका फक्त ऐकतील,” बाई म्हणाल्या. “काकू, तुम्ही म्हणा.”

“मी? मी कशाला?”

“कोणीतरी म्हटल्याशिवाय ते ऐकणार काय?”

अशा रीतीने माझ्या शिकवणीची सुरुवात माझ्या पत्नीच्या गाण्याने झाली. मी कोपऱ्यात खुर्चीवर, ती पेटीसमोर सतरंजीवर. बाई स्वर धरत, ती त्यात हळूच आपला स्वर सोडी, आणि बाई मला सांगत, “बघा काका, काकूंनी धक्का नाही मारला. दार उघडंच होतं, त्या आत गेल्या.” मला यावर बरेच म्हणायचे होते.

मौन सुटल्यावर मी बाईंसमोर आरती म्हटली. त्यांनी पेटीवरची पाचवी काळी पट्टी दाबून धरली.

“काळी पाच. इतक्या वर का सुरू केलीत?”

“वडील तिथूनच करत. आजोबाही.”

“काका, वारसाहक्कानं घर मिळतं. गळा ज्याचा त्याचा. तुमचा काळी दोनचा आहे.”

काळी पाचवरून काळी दोनवर येणे म्हणजे पदावनती होय, आणि पदावनतीपूर्वी कारणे लेखी देण्याचा संकेत आहे, असे मी निदर्शनास आणले. आमच्याकडच्या भजनी मंडळींत जो जितका वर ओरडेल तितका तो मोठा गायक. खालून म्हणणाऱ्याला ‘काय रे, जेवला नाहीस का?’ असे विचारतात. बाईंनी शांतपणे माझी आरती काळी दोनवरून वाजवली. वरचा स्वर आला आणि मी त्यावर सहज उभा राहिलो. खाली दुकानदाराने वर पाहिले, असे त्यानेच नंतर पत्नीला सांगितले.

“हेच तुमचं कारण,” बाई म्हणाल्या. “लेखी हवं तर काकूंकडून लिहून घ्या.”

त्यानंतर श्वास. घरी जमिनीवर उताणे पडायचे, पोटावर जड पुस्तक ठेवायचे आणि श्वास घेताना ते वर गेले पाहिजे. मी कपाटातला कायद्याचा सर्वात जाड ग्रंथ घेतला. जन्मभर मी त्याच्या आधारे लोकांना हलवले होते. आता मी त्याला हलवू लागलो. अध्यक्ष एकदा वाडीतली शहाळी घेऊन आले आणि मला तशा अवस्थेत पाहून दारातच थांबले.

“वहिनी, नाना बरे आहेत ना?”

“सराव करतायत.”

“कशाचा?”

“श्वास घेण्याचा,” पत्नी म्हणाली. अध्यक्षांनी शहाळी पायरीवर ठेवली आणि ते गेले.

बाईंचे सर्वात मोठे आक्षेप खांद्यांवर होते. “श्वास घेताना खांदे वर नेऊ नका, काका. खांदे वर गेले की तुम्ही गायला नाही, भांडायला उभे राहता.” मी तपासून पाहिले. खरोखर, अध्यक्षांचा स्पीकर नुसता आठवला तरी माझे खांदे कानांपर्यंत येत. घरात पत्नी जाता-येता दोन बोटांनी माझे खांदे खाली दाबी. मी जमिनीवर पडून स्वर लावी तेव्हा ती आत पोळ्या लाटता लाटता तोच स्वर लावी, आणि माझा चुकला की तिचे लाटणे थांबे.

धीर यावा म्हणून बाईंनी मला मुलांच्या वर्गापुढे उभे केले. मी खाकरलो नाही, ही माझी पहिली कमाई. आरती संपल्यावर एका चिमुरडीने हात वर केला.

“आजोबा, तुम्ही आमच्यावर चिडलात का?”

“नाही.”

“मग असे डोळे का केले?”

पुढच्या वेळी मी डोळे मिटून म्हटली. त्यापुढच्या वेळी उघडे ठेवून, मुलांच्या मागच्या खिडकीतल्या शेवग्याकडे पाहत.

चतुर्थी जवळ आली. उरला प्रश्न प्रसादाचा. आमच्या आळीत प्रत्येक घरी आरतीनंतर खिरापत आणि बर्फ घातलेले कोकम सरबत देतात, आणि मानकऱ्याने ते नाकारले तर घर वर्षभर बोलत नाही. खोबऱ्याचे कण आणि बर्फ यांपुढे कुठलेही स्वरयंत्र टिकत नाही. म्हणून मी प्रत्येक घराला सविनय परंतु ठाम सूचना पाठवली: वैद्यकीय कारणास्तव मानकऱ्यास थंड पेय व कोरडा प्रसाद देण्यात येऊ नये; त्याऐवजी कोमट पाणी द्यावे आणि ते स्वीकारणे हा प्रसादाचा पूर्ण स्वीकार समजला जावा.

त्या सूचनेत पाण्याचे प्रमाण नमूद करायचे राहिले.

चतुर्थीच्या संध्याकाळी वरच्या टोकाच्या घरी मी खांदे खाली ठेवून, पोटात श्वास घेऊन, काळी दोनवरून आरती सुरू केली. क्षणभर मंडळी गोंधळली, कारण सगळे सवयीने मान वर करून उभे होते. मग बायकांचे आणि मुलांचे आवाज त्यात मिसळले. आजवर आमच्या आळीत आरती ऐकू येत असे. त्या दिवशी शब्दही ऐकू आले. अध्यक्ष स्पीकरची पिशवी काखेत धरून उभे होते. आरती संपली आणि घरमालकीण पितळी तांब्या घेऊन आली.

“नाना, कोमट पाणी. सूचनेप्रमाणे.”

तांब्या मोठा होता. मान नाकारायचा नसतो. मी तो संपवला. पुढच्या घरी कळले असावे की वरच्यांनी तांब्या दिला. त्यांनी त्याहून मोठा दिला. त्यापुढच्यांनी त्यात आले घातले. मी ज्या घराविरुद्ध नगरपालिकेत कुंपणाचा अर्ज केला होता, त्यांनी कळशी समोर ठेवली आणि म्हणाले, “घ्या नाना, संकोच नको.” प्रत्येक घरी आवाज अधिकाधिक मोकळा होत गेला आणि अन्य बाबतींत परिस्थिती अधिकाधिक बिकट. उपान्त्य घरी आरतीच्या शेवटच्या कडव्यात मी ज्या वेगाने मंडळींना पुढे नेले, तो भक्तीचा आवेग समजला गेला.

शेवटचे घर अध्यक्षांचे. मखरासमोर सगळे उभे राहिले, निरांजन पेटले, ताट अध्यक्षांच्या हातात आले. मी पोटात श्वास घेतला आणि मला स्पष्ट कळले की आता पोटात श्वासाला जागा नाही.

“नाना?” अध्यक्ष म्हणाले.

मी मान हलवली आणि मागच्या दाराने वाडीकडे, जिथे त्यांचे संडास-न्हाणीघर आहे, तिकडे जवळजवळ धावत गेलो. मागे पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. दार लावताना मला एवढेच वाटले, की माझ्या आवाजाने मला साथ दिली, मी गमावले ते निव्वळ आतिथ्यापायी.

आणि मग आरती सुरू झाली. यंत्रावरची नव्हती. काळी दोन, अचूक, धक्का न मारता, दार उघडेच असल्यासारखी. दोन शब्द एकटीचे, आणि तिसऱ्या शब्दाला सगळी आळी तिच्यामागे. आमच्या आळीत एखाद्या स्त्रीने आरती सुरू केल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. मी तिथे उभा राहून शेवटपर्यंत ऐकली. वरच्या स्वरावर ती इतकी सावकाश थांबली, की मला माझे खांदे आपोआप खाली गेल्याचे जाणवले.

परत आलो तेव्हा आरतीचे ताट मंडळींमध्ये फिरत होते. पत्नी पदर सावरत माझ्याकडे बघत होती.

“ते पिशवी उघडत होते,” ती हळूच म्हणाली. “मग काय करणार?”

अध्यक्ष म्हणाले, “नाना, आवाज फाटला नाही हे खरं. पण शेवटच्या घरी तुम्ही म्हटलीही नाहीत.”

मी खाकरलो नाही. मान कोणा व्यक्तीचा नसून घराचा आहे, हे माझ्या पहिल्या पत्रातील पहिल्याच परिच्छेदात नमूद असून अध्यक्षांनी त्याच पत्राच्या मागे ‘बरं’ लिहून ते मान्य केले आहे. माझी पत्नी माझ्या घरातलीच आहे. सबब अट पूर्ण झाली आहे, असे मी त्यांना निवेदन केले. मी आणखी बरेच मुद्दे तयार ठेवले होते.

“मान्य,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी स्पीकर पिशवीत ठेवला. “मान घराचाच. मग पुढच्या वर्षी वहिनींनीच सगळ्या घरी सुरू करावी. काय मंडळी?”

मंडळींनी इतक्या एकसुरात होकार दिला, की त्याविरुद्ध दाद मागायला एकही मुद्दा हाती राहिला नाही. युक्तिवाद माझाच होता.

गेल्या चतुर्थीला तीच पुढे होती. बाईंकडे आम्ही अजून जातो. आता बाजू मांडायला मी जातो आणि गायला ती. आळीने तिच्यासाठी पाण्याची भांडी आपण होऊन लहान केली. मी तिच्या मागे झांज घेऊन उभा होतो, आणि अध्यक्षांच्या घरी पोहोचल्यावर ती पिशवी अजूनही त्यांच्या काखेत आहे हे माझ्या नजरेस आले. आरती सुरू करण्याआधी तिने मागे न वळता मला सांगितले,

“खांदे.”

मी ते खाली घेतले.