दिवेलागणीचे मौन

श्रीगणेशाला आणि वाग्देवतेला वंदन करून लिहितो. तिचीच वाणी मी आयुष्यभर शिकवली आणि तिचाच अपराध केला. आज माझ्या सासूबाईंची तिथी. त्यांच्या नावाने पान वाढून झाले, दुपारची जेवणे उरकली. जे लिहितो आहे ते आजवर कोणालाही सांगितलेले नाही — देवापुढेही नीट उच्चारलेले नाही.

लातूरच्या एका महाविद्यालयात मी संस्कृत शिकवीत असे. शिकवीत असे म्हणवत नाही — गुण मिळवून देत असे. निकाल उतरला की प्राचार्य सर्वांसमक्ष उभे करीत. पालक दारात गाठून जाब विचारीत. दिवसभर नम्र राहायचे, आणि घरी आलो की पत्नीने चहा पुढे केला तरी मी वसकन अंगावर जाई. मग एके दिवशी जाहीर केले — दिवेलागणीपासून सकाळच्या पूजेपर्यंत माझे मौनव्रत.

घर कृतार्थ झाले. शेजारी पाया पडू लागले. पण ते व्रत होते का? हातावर पाणी घेऊन संकल्प मी कधी सोडलाच नव्हता. मला केवळ कोणाचे ऐकायचे नव्हते.

अशाच एका संध्याकाळी पत्नी माझ्या पाटाजवळ येऊन उभी राहिली. हातात पिशवी.

"अहो, इस्लापूरहून दादाचा फोन आलता. आई सारखं माझं नाव घेऊन राहिली म्हणे. नांदेडची गाडी अजून मिळंल. निघू या का?"

मी ऐकले. स्पष्ट ऐकले. त्या दिवशी माझा वर्ग काढून दुसऱ्याला दिला होता. मनात सासूबाई नव्हत्याच — तो अपमान होता. एक 'हो' पुरेसा नव्हता का? मान हलवली असती तरी — मी डोळे मिटले आणि माळ ओढीत राहिलो. काही वेळाने तिने पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली.

सकाळी पूजा आटोपून निघालो. पोहोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधणे चालले होते.

"या दाजी," मेहुणे म्हणाले, "देवाशी बोलून झालं का समदं?"

मी तोंड उघडण्याआधी तीच म्हणाली, "त्यांला बोल लावू नको, दादा. व्रत हाय त्यांचं. मीच मोडू दिलं न्हाई."

पुढे नोकरी संपली. मौनही आपोआप सुटले. ते का सुटले, हे कोणी विचारले नाही.

आज पान वाढताना पत्नी सूनबाईला त्या रात्रीचे तेच सांगत होती, आपण व्रत मोडू दिले नाही — अभिमानाने. सूनबाईने माझ्याकडे आदराने पाहिले. मी गप्प राहिलो. आज तर कोणते व्रतही नव्हते.

ती आत आडवी झाली आहे. हे तिला सांगायचे सोडून मी तुम्हाला सांगतो आहे — तेही भित्रेपणच.

वाचकहो, तुमच्या घरी दिवा लागताना कोणी हाक मारो, आणि त्या हाकेला ओ मिळो. तुमचे व तुमच्या माणसांचे कल्याण असो.