पांढऱ्या भिंतीवरचे निळे डाग

रंगाऱ्यांच्या टोळीत त्याला बगळा म्हणत. उंच, काटकुळा, आणि परांचीच्या फळीवर एक पाय दुसऱ्या पोटरीला टेकवून खुशाल काम करणारा. नवीन माणूस आला की ठेकेदार खालून बोट दाखवायचा, "ते आमचे दाजी. वारा सुटला तर वारा पडेल, ते पडायचे नाहीत." ठेकेदार म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. कौतुकाच्या बाबतीत हात सैल होता त्याचा.

मग बगळ्याच्या डाव्या डोळ्यामागे रक्त उतरलं. डॉक्टर म्हणाले, "हा गेला. दुसरा उत्तम आहे. सवय होईल." तिन्ही बातम्या एका दमात. बगळा "बरं" म्हणाला आणि चपला शोधायला लागला. घरी त्याने बायकोला हे सांगितलं ते उद्या नळाला पाणी येणार नाही, अशा आवाजात.

"अहो, माझ्या भावाला सांगायला नको?"

"कशाला? अजून एक आहे की."

सवय झालीही. चहा कपाच्या शेजारी ओतला जायचा, तो कपात पडू लागला. जिन्याला खाली एक जास्तीची पायरी असायची, ती गेली. अडचण परांचीवर होती. माणूस पायांवर उभा राहतो, असा त्याचा जन्मभराचा समज. आता कळलं, की निम्मा तो नजरेने टेकून उभा असतो. भिंतीतली भेग, एखादा पोपडा, डोळ्यांनी काहीतरी धरून ठेवलेलं असतं. अंग जरा कललं की ती खूण सरकते आणि पाय आपोआप सावरतात. गोदामाच्या मागच्या भिंतीला ना खिडकी ना पन्हळ. पांढऱ्याचा पहिला हात मारला, त्यातून जुना निळा रंग डोकावत होता, तोवर निभावलं. दुसऱ्या हाताला भिंत इतकी एकसारखी पांढरी झाली की ती हातभर लांब आहे की कोसभर, ते कळेना. उरलेला डोळा तिच्यावरून घसरायचा आणि पाठोपाठ कंबर.

त्यावर त्याने उपाय काढला. प्रत्येक फळीवर, तोंडासमोर, भिंतीचा तळहाताएवढा तुकडा पहिल्या हातावरच सोडून द्यायचा. त्या फिकट निळ्या डागावर डोळा रोवला की पाय ठिकाणावर राहायचे. डाग शेवटी भरायचे ठरलं होतं. पण भरायला ब्रश उचलला, की ज्याला धरून उभा आहे तेच पुसायची वेळ यायची. तो ब्रश डब्यात ठेवायचा. उद्या बघू.

त्या उद्याच्या आत पोरांनी परांची उतरवली. बगळ्याचं काम तपासायची टोळीत पद्धतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार घरी आला तो चहाला नको म्हणतच.

"दाजी, भिंतीला गोवर आलाय. सरळ एका रांगेत, वरपासून खालपर्यंत. मालक विचारतोय, ही नक्षी कसली?"

बायको भांडं विसळायची थांबली. "त्यांचा डावा डोळा गेलाय," ती म्हणाली.

ठेकेदाराने बगळ्याच्या डाव्या डोळ्यासमोर हात हलवून पाहिला. मग उठला. "उभे राहा इथे. पाय जुळवा. आता मिटा डोळे."

बगळ्याने मिटले. क्षणभर ठीक होतं. मग जमीन सावकाश डावीकडे निघाली. आपण पडतोय, हे त्याला दुसऱ्या कुणाबद्दल ऐकावं तसं कळलं. तेवढ्यात कोपराला ओला, गार स्पर्श झाला आणि जमीन जागेवर आली. तो खांबासारखा उभा राहिला.

"बघ, राहिले की नाही?" बायको म्हणाली.

"ताई, तू हात लावलास."

"हात कुठला? बोट लावलं नुसतं. बोटाने कुणी माणूस तोलून धरतं का?"

"मग वर फळीवर तू येणार आहेस का बोट लावायला?"

ठेकेदार बगळ्याकडे वळला. "उद्यापासून खाली राहायचं, दाजी. रंग कालवा, पोरांवर ओरडा. पडलात तर ताईला तोंड दाखवता यायचं नाही मला."

"बरं," बगळा म्हणाला. वाईट वाटायला हवं होतं. त्याने वाट पाहिली. काही आलं नाही. बायकोने त्याच्या बाहीला लागलेला साबण पुसला आणि भांड्यांकडे वळली.

सकाळी गोदामामागे बांबूची लांब शिडी लावली. डाग भरायला टोळीतला सगळ्यात बडबड्या रंगारी चढला. बगळ्याने पायथ्याशी शिडी धरली आणि खालून सांगू लागला, "जरा उजवीकडे. हां, तोच."

एकेक डाग पांढरा होत गेला. मान वर करून बघताना भिंत आणि आभाळ एकच झालं.

"काका, शिडी सोडू नका हां!" वरून हाक आली. "माझा जीव तुमच्या हातात आहे!"

"नाही सोडत," बगळा म्हणाला. शिडी दोरीने पक्की बांधलेली होती. गाठ त्याने स्वतःच मारली होती. तरीही त्याने एक बोट बांबूवर टेकवून ठेवलं, आणि शेवटचा डाग गेला तेव्हाही ते काढलं नाही.