शिर्केकाकांचं पेन

शरच्चंद्र शिर्के यांनी तीस वर्षं बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका कारखान्यात बॉयलरचं पाणी तपासलं. पाण्यात क्षार वाढले की बॉयलरच्या नळ्यांत थर धरतो, म्हणून दर दोन तासांनी नमुना आणि दर दोन तासांनी आकडा. निवृत्त झाले तरी क्षार मोजायचं ते पेनासारखं मीटर काही खिशातून सुटलं नाही. लग्नाला गेले तरी आधी पेल्यात पेन बुडवायचे, मग पंगतीकडे बघायचे. सोसायटीतली गुजराती मंडळी फिल्टर घ्यायच्या आधी त्यांच्याच दारात उभी. "काका, जरा जोई आपो ने," म्हणजे जरा बघून द्या ना. या मानाची काकांना चटक लागली होती, आणि चटक वाईटच.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सोसायटीतले सातजण जांबुघोड्याच्या जंगलात हिंडायला गेले. काका, त्यांची मुलगी शर्वरी, वरच्या मजल्यावरचा दिग्विजय आणि आणखी चौघं. वाट चुकली, दोन तासांचे पाच झाले, बाटल्या कोरड्या पडल्या. शर्वरीला भोवळ यायला लागली. समोर ओहोळ वाहत होता, तळाचे खडे दिसावेत इतका नितळ. रानातलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये हे सगळ्यांनीच ऐकलेलं, म्हणून कुणी हात घालेना. सगळे काकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

काकांनी पेन बुडवलं. आकडा आला पंच्याऐंशी. घरच्या नळालाही याच्या चौपट येतो.

"प्या बिनधास्त," ते म्हणाले. "बॉयलरला चालेल इतकं चोख आहे."

सगळे ओंजळीने प्यायले. सगळ्यात जास्त शर्वरी.

वाट शोधायला काका ओहोळाच्या कडेने वर चढले. पन्नास पावलांवर वळण होतं आणि वळणावर पाण्यात एक वासरू मरून पडलेलं, फुगलेलं. पाणी त्याच्या पोटाला घासून खाली येत होतं. पेन फक्त क्षार मोजतं, जंतू त्याला दिसत नाहीत, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण तीस वर्षांत ती काळजी कधी करावीच लागली नाही. बॉयलरात सगळं उकळूनच निघायचं.

खाली येऊन त्यांनी वाट दुसरीकडून असल्याचं सांगितलं, बस्स. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत ते घरी आले. सोमवारी शर्वरीच्या कपाळाला दोनदा हात लावून पाहिला. मंगळवारी ती नेहमीसारखी स्कूटरवर कामाला गेली, तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरला. बुधवारी सकाळी ती न्हाणीघराच्या दाराशी कोसळली.

डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि बाहेर काय खाल्लं ते विचारलं. शर्वरीने मंगळवारी गाडीवर खाल्लेल्या सेवउसळीवर खापर फोडलं. डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं.

"ओहोळाचं प्यायले," ती क्षीण आवाजात म्हणाली, "पण ते बाबांनी तपासलं होतं."

डॉक्टर लिहायला लागले. आता गप्प बसलं तर औषधही सेवउसळीचंच होणार, हे काकांना कळत होतं.

"मी तपासलंच नव्हतं, डॉक्टर," ते म्हणाले. "नुसते क्षार मोजले. वर वासरू मेलेलं होतं. मी पाहिलं आणि बोललो नाही."

शर्वरीने बापाकडे एकदा पाहिलं. मग तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "बाकीच्या पाचजणांना फोन लावा, बाबा. आत्ता."

पहिला फोन दिग्विजयला. तो त्याच्या बायकोने, मोहनाने उचलला आणि काकांना तोंडच उघडू दिलं नाही.

"बरं झालं काका, तुमचाच फोन आला. ह्यांना पहाटेपासून उलट्या होतायत. आमच्या नळाचं पाणी तेवढं येऊन बघता का?"

काकांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं.